ताई, बँकॉकला येताना

बँकॉक,
१४ नोव्हेंबर

प्रिय बुआलाय ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते : कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही, माझी फाय आणि जावई मजेत आहेत. पत्र एवढ्यासाठी की फोनवर तू "बरी आहे, भात चुलीवर आहे" एवढं बोलून ठेवून देतेस, आणि एकोणीस वर्षं झाली तरी तुझा तो भात काही शिजून झालेला नाही. कागदाचं तसं नाही. हातात घेतलेली गोष्ट शेवटपर्यंत नेल्याशिवाय तू सोडत नाहीस, हे मला तुझ्या पाठीवर बसून फिरायचे तेव्हापासून माहीत आहे. तर ऐक. तुला पुढच्या महिन्यात इथे यायचं आहे. का, ते शेवटी सांगते. कसं, ते आधी सांगते. कारण 'का' आधी सांगितलं तर तू पहिल्याच ओळीला "नाही" म्हणशील आणि 'कसं' वाचायचीच नाहीस.

चैयाफूमहून सकाळी सहाची गाडी घे. तिकीट काढताना उजवीकडची खिडकी माग. ऊन सकाळभर डावीकडून येतं, आणि तो मुलगा तुला डावीकडचीच देणार, कारण उजवीकडच्या जागा तो ओळखीच्या लोकांसाठी ठेवतो. तू काउंटरवरून हलू नकोस, नुसती त्याच्याकडे बघत उभी राहा. तुझ्या त्या बघण्यापुढे आपल्या गावच्या सरपंचानंही मान खाली घातलेली मी पाहिली आहे. मागच्या चाकावरची जागा नको, कंबर मोडते. अंगावर घ्यायला जाड चादर ठेव, कारण आम्ही माणसं नसून मासे आहोत आणि बर्फात घालून न्यायचे आहोत, असं या गाड्यांच्या ड्रायव्हरांना वाटतं. कोराटच्या अलीकडे गाडी वीस मिनिटं थांबते. तिथे एकसारख्या रंगाच्या तीस गाड्या उभ्या असतात आणि परत आल्यावर आपली कुठली ते कळत नाही. उतरताना दाराच्या दांड्याला लाल सुताचा एक तुकडा बांधून उतर. सूत तुझ्या पिशवीत असतंच.

गाडी बाराच्या सुमाराला मो चितच्या स्टँडवर पोचेल. पाय जमिनीला लागायच्या आत दहाजण धावत येतील. "कुठे जायचंय आई? आई, इकडे! आई, सामान द्या!" त्यांची आई होऊ नकोस. सामान कोणाच्या हातात द्यायचं नाही आणि कुठे जायचंय ते सांगायचं नाही. सरळ आत चालत जायचं, जशी बाजारात उसाच्या गाड्यांमधून जातेस तशी. मी तीन नंबरच्या दाराशी घड्याळाखाली उभी असेन. ड्युटी बदलून घेतली आहे. माझी बस कुठे अडकली आणि मी दिसले नाही, तर टॅक्सीच्या रांगेत उभी राहा. नंबर आला की बसायच्या आधी "मीटरवर येणार ना?" एवढं विचार. तो आढेवेढे घ्यायला लागला तर दार बंद करून मागच्या टॅक्सीकडे जा. इथे एक बिघडला तर त्याच्यामागे चाळीस उभे असतात. घराचा पत्ता फायनं मोठ्या अक्षरात लिहून पाकिटात घातला आहे.

तू म्हणशील, स्वतः घ्यायला येणार आहेस तर एवढं सांगतेस कशाला? सांगते, कारण तू आठ दिवस राहणार आहेस आणि मला रोज सुट्टी मिळणार नाही. आणि दुसरं म्हणजे कोणी हात धरून नेलेलं तुला चालत नाही. आठवतं, पुराच्या वर्षी ओढ्यावरचा बांबूचा साकव हलत होता, तेव्हा दाजींनी हात पुढे केला तर तू म्हणालीस, "हात तुमच्या तोलाला ठेवा. माझा माझ्यापाशी आहे." दाजी पलीकडे पोचेपर्यंत हसत होते. तेव्हा मी तुला नेणार नाही. मी नुसतं सांगणार, जायचं तुझं तू.

इथला रस्ता ओलांडायला घाबरतात सगळे. थांबून वाट बघत बसलीस तर संध्याकाळ होईल. शक्यतो वरच्या पुलावरून जा. पूल नसेल तर दोन-चार माणसं जमू देत, त्यांच्यात मिसळ आणि एका चालीनं चाल. मध्येच थबकायचं नाही आणि मागे तर अजिबात फिरायचं नाही, कारण गाडीवाला तुझ्या चालीचा अंदाज घेऊन बाजूनं काढत असतो. फूटपाथवर आहेस म्हणून निर्धास्त राहू नकोस. तिथे मोटरसायकली येतात, आणि वर तेच भोंगा वाजवतात. उंचावरून जाणारी गाडी मात्र तुला आवडेल. तिथले जिने आपोआप चालतात. पहिलं पाऊल टाकताना खाली बघत बसू नकोस, मागावर धोटा टाकतेस तसं तालात टाक. उभं उजव्या अंगाला राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची. मी पहिल्यांदा डाव्या बाजूला उभी राहिले तेव्हा मागचा माणूस म्हणाला, "काकू, जिना चालतोय, तुम्हीही चाला की!" वय वर्षं तेवीस होतं माझं तेव्हा.

मोठ्या देवळाच्या आसपास इस्त्रीचा शर्ट घातलेला एखादा गोडबोल्या भेटेल. "आज देऊळ बंद आहे, मी तुम्हाला दुसरीकडे नेतो" म्हणेल. देऊळ उघडं असतं. तो परदेशी माणसांना गाठतो, पण गावाकडचं गाठोडं दिसलं की आपल्यालाही सोडत नाही. त्याला हात जोड आणि पुढे हो. खाण्याचं म्हणशील तर जिथे टॅक्सीवाले आणि झाडूवाल्या बायका बसलेल्या दिसतील तिथे बस. कच्च्या पपईची कोशिंबीर मागशील तर इथल्या माणसांसाठी ती गोड करतात, साखर घालून. तू तोंडात घातलीस तर थुंकशील. म्हणून आधीच सांगायचं, "आपल्याकडची, आंबवलेली मासळी घालून." एवढं म्हटलं की गाडीवरची बाई मान वर करून बघेल आणि विचारेल, "कुठल्या गावची गं तू?" कारण तीही आपल्याकडचीच असते. ताई, हे शहर म्हणे राजधानीवाल्यांचं आहे, पण ते बांधतंय कोण, झाडतंय कोण, चालवतंय कोण? रस्ता चुकलीस तर नकाशाच्या मागे लागू नकोस. जिथे असशील तिथे उभी राहा आणि आपल्या बोलीत मोठ्यानं विचार. दहातले चारजण वळून बघतील. बसमध्ये चढलीस तरी तसंच. दबक्या आवाजात बोलायचं नाही. आपल्या आवाजात, आपल्या बोलीत बोलायचं. कोणी नाक मुरडलं तर मुरडू दे.

हे मी तुला सांगते आहे. मी. इथपर्यंत वाचून तू कागद खाली ठेवला असशील आणि अंगणाकडे बघत बसली असशील, हे मला इथे बसून दिसतंय. थोडी बस. मग पुन्हा उचल.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. तू बोलली नाहीस म्हणून मी नाही, आणि मी नाही म्हणून तू नाहीस. आज मी बोलते. तेव्हा फाय पाच वर्षांची होती आणि मला बसवर कंडक्टर म्हणून लागून अकरा वर्षं झाली होती. डेपोत आपल्या भागातल्या बायकांना, आपल्या खाण्यावरून, "चिकट भात" म्हणून हाका मारायचे. "ए चिकट भात, पाळी बदल!" माझ्याबरोबर लागलेली एक मुलगी त्या हाकेला कंटाळून गावी परत गेली होती. मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं की मी नदीपलीकडची, थोनबुरीची. जन्म इथला, आईबाप इथले. बोलणंही तसं घोटून घेतलं होतं. नेहमीचे प्रवासी मला थोनबुरीची लम्दुआन म्हणूनच ओळखायचे. शेवटी शेवटी तर तुला पत्रं लिहायचंही मी बंद केलं. पत्ता लिहिताना कोणी बघेल अशी भीती वाटायची. किती खोट्या भीत्या घेऊन जगतात माणसं, बघ.

आणि तू आलीस. न कळवता आलीस, कारण सहा महिने माझं पत्र नव्हतं आणि तुला वाटलं मी आजारी आहे. दुपारची वेळ, बस गच्च भरलेली. दारातून आधी तुझं गाठोडं आत आलं, मग मासळीची बरणी, मग तू. आणि तिथूनच तू ओरडलीस, "लम्दुआन! अगं ए! किती वाळलीस गं! भात खाल्लास का?" सगळी बस वळली. दोन कॉलेजच्या मुली हसल्या. एका बाईनं बरणीकडे बघून नाकाला रुमाल लावला आणि मला विचारलं, "कंडक्टर, ही तुमची कोण?" माझ्या हातात तिकिटांची पत्र्याची नळी होती. मी ती खडखडवली आणि म्हटलं, "कोणी नाही. गावाकडच्या बायका ओरडतातच अशा." मग तुझ्याकडे बघून त्या घोटलेल्या बोलीत म्हटलं, "काकू, पुढे सरका. बरणी सीटखाली ठेवा. तिकीट कुठलं?"

तू माझ्याकडे बघितलंस. तुझं ते बघणं मला वाटलं होतं, रागाचं असेल. ते रागाचं नव्हतं. तू बघितलंस जणू खरोखरच माणूस चुकलंय तुझं. "माफ करा बाई," म्हणालीस, तिकीट घेतलंस, आणि दोन थांबे गेल्यावर कालव्याच्या धक्क्याजवळ उतरलीस. बरणी राहिली. ती बरणी मी डेपोत नेली नाही, घरी आणली आणि फायला जवळ घेऊन त्यातली मासळी भाताबरोबर खाल्ली. तीन दिवस खात होते आणि रडत होते. दुसऱ्या दिवशी, तू चढलीस त्या थांब्यावरची हारवाली मला म्हणाली, "काल एक बाई सकाळपासून इथे बसली होती. प्रत्येक गाडी आली की दारात वाकून बघायची आणि सोडून द्यायची. अकरा गाड्या सोडल्या तिनं. मी मोजत होते. मग तुझी आली." ताई, मी कितीदा तरी स्वतःला समजावलं की नोकरी होती, पोटाचा प्रश्न होता. नोकरी कोणी काढून घेणार नव्हतं. मला लाज वाटली, एवढंच खरं आहे. तुझी नाही वाटली. मी जी खोटी बाई बनवून ठेवली होती, ती तुझ्या एका हाकेनं उघडी पडेल, याची वाटली. पण भोगलंस तू.

चूक झाली, ताई. एकोणीस वर्षं हे दोन शब्द लिहायला लागली, एवढी मी शूर.

त्यानंतर तू आली नाहीस. आईच्या वर्षश्राद्धाला मी आले तेव्हा तू पाहुण्याला वाढावं तसं मला वाढलंस, "अजून घ्या" म्हणालीस. त्या 'घ्या'नं मी अर्धी झाले. या फेब्रुवारीत फायचं लग्न झालं तेव्हाही तू आली नाहीस. सरपंचांच्या गाडीतून केळीच्या पानात बांधलेली कापडाची एक घडी पाठवलीस, चिठ्ठी नाही, निरोप नाही. फायनं ती लग्नाच्या सकाळी उलगडली आणि घरातले सगळे हातातलं काम टाकून भोवती जमले. विणायच्या आधी नक्षीसाठी सुताला गाठी मारतात, त्या मारायला मी तुझ्या हाताखाली शिकलेली बाई आहे. शिकलेली म्हणजे काय, तूच म्हणायचीस, "तुझ्या हाताला धीर नाही, लम्दुआन. धीर आहे तो तोंडाला. तू बाजारात बस." पण नक्षी मला वाचता येते. तुझी फुलं मला माहीत आहेत, तुझा नाग माहीत आहे, तुझे बांबूचे कोंब माहीत आहेत. हे त्यातलं काहीच नव्हतं. हिरवट काळ्या अंगावर फिकट रेघा, मधोमध एकमेकींपासून फाकत जाणाऱ्या आणि काठाशी येऊन मोडणाऱ्या, मोडल्यावर पुन्हा सावरणाऱ्या. बघत राहिलं की कापड हलतंय असं वाटायचं. फायनं ते नेसलं, आणि चालायला लागली तर ते खरंच हलायला लागलं.

फायनं तुला फोन करून विचारलं होतं, हे तिनं मला लग्नानंतर महिन्यानं सांगितलं. "मावशी, ही नक्षी कसली?" तू म्हणालीस, "बोटीमागचं पाणी." ती म्हणाली, "कुठली बोट? तुमच्या नोंग सायला तर बोट तरंगेल एवढं पाणी नाही." तू म्हणालीस, "पाहिली होती एकदा," आणि मग तुझा भात चुलीवर होता. फायला काही कळलं नाही. मला कळलं. त्या दिवशी तू कालव्याच्या धक्क्यावर बसलीस. किती वेळ बसलीस ते मला माहीत नाही. बोटी जात राहिल्या आणि तू पाणी बघत राहिलीस. दुसरी कोणी असती तर या शहरातून नुसता अपमान घेऊन गेली असती. तू पाणी घेऊन गेलीस आणि एवढी वर्षं ते डोळ्यात सांभाळलंस.

म्हणून आलीस की त्या बोटीत तुला बसायचंच आहे, आणि ते नीट समजून घे, कारण ती बोट कोणासाठी थांबत नाही. धक्क्याला लागते ती जेमतेम दहा श्वास. दोर धरून ठेवलेला असतो, त्या दोराला हात लावायचा नाही. कडेवर पाय द्यायचा, मग आत. चपला पायात घट्ट असू देत. बसायला मधली जागा बघ. कडेला बसलीस तर बाजूला एक दोरी लोंबत असेल, समोरून बोट आली की ती ओढायची म्हणजे ताडपत्री वर येते. ओढली नाहीस तर तोंडावर पाणी, आणि ते पाणी चांगलं नाही, तोंड मिटून घे. तिकीटवाली बोटीच्या बाहेरून काठावर चालत येते, डोक्यावर हेल्मेट घालून. तिला बघून घाबरू नकोस. मी तीस वर्षं बसमध्ये तोल सांभाळला, तरी तिच्यासमोर मी हात जोडते. त्या दिवशी मात्र मी तुझ्याबरोबर येणार. पुढे नाही, मागे बसेन.

आता मी जे केलं ते सांगते. तुला न विचारता केलं, त्याबद्दल काय बोलायचं ते समोर आल्यावर बोल. मार्चमध्ये फायनं ते वस्त्र काठ शिवायला माझ्याकडे दिलं. शिवणकामवाली माझ्या बसच्या शेवटच्या थांब्यावर बसते, म्हणून मी ते पिशवीत घालून ड्युटीवर नेलं आणि पुढच्या सीटवर ठेवलं. ओरासाबाई म्हणून एक आहेत, विणकाम शिकवणाऱ्या कॉलेजातल्या. चौदा वर्षं माझ्या बसनं जातात, 'नमस्कार' आणि 'सुटे नाहीत' यापलीकडे आमचं बोलणं नाही. त्यांनी पिशवीतून बाहेर आलेला काठ पाहिला. "बघू का?" म्हणाल्या. मांडीवर उलगडला. त्यांचा थांबा आला आणि गेला. मी म्हटलं, "बाई, तुमचं कॉलेज मागे राहिलं." त्या म्हणाल्या, "राहू दे. हे कुणी विणलं?"

बस भरलेली होती, ताई. तीच दुपारची वेळ. मी तिकिटांची नळी खाली ठेवली आणि आपल्या बोलीत, अगदी तू ओरडतेस तशी, ओरडून सांगितलं, "माझ्या थोरल्या बहिणीनं! सख्ख्या!" सगळी बस वळली. मागच्या सीटवरून एक म्हातारा आपल्याच बोलीत ओरडला, "कुठल्या गावची गं तुझी बहीण?" मी म्हटलं, "चैयाफूम! नोंग साय!" तो म्हणाला, "मग बरोबर! तिकडच्या बायका पाण्यालाही गाठ मारतील!" लोक हसले. ड्रायव्हर तर आरशात बघून म्हणाला, "आँ? लम्दुआन, तू थोनबुरीची ना गं?" मी म्हटलं, "होते. आज बदली झाली." सगळ्यांनी ते कापड हातोहात पाहिलं. एका शाळकरी पोरीनं आधी फ्रॉकला हात पुसले आणि मग बोट लावलं. माझा ऊर इतका भरून आला होता की पुढच्या तीन थांब्यांची तिकिटं द्यायची राहिली, आणि एकानंही फुकट प्रवास केला नाही. उतरताना प्रत्येकानं स्वतःहून पैसे दिले.

ओरासाबाईंनी वस्त्र मागितलं आणि मी दिलं, फायला विचारून. एक अर्ज भरायचा होता. विणणारीचं नाव, गाव, वय, आणि अर्ज आणणाऱ्याचं तिच्याशी नातं. मी सावकाश, सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं. मग आठ महिने कोणाला बोलले नाही. मधल्या काळात सरपंचांच्या बायकोकडून फायला कळलं की तू घराखालचा माग सोडलास आणि आढ्याला बांधून ठेवलास, कारण तो तालुक्याचा व्यापारी म्हणाला, "हातचं आणि यंत्राचं, गिऱ्हाइकाला काय कळतं? कशाला डोळे फोडतेस म्हातारपणी?" ते ऐकून मला तेव्हाच गाडीत बसून यावंसं वाटलं. पण हातात काही नसताना येऊन मी तुला काय सांगणार होते? आज आहे.

देशभरातल्या हातमागाच्या वस्त्रांची स्पर्धा होती, ताई. अकराशे बासष्ट वस्त्रं आली होती. तीन फेऱ्या झाल्या, आणि परीक्षकांमधले दोघे जन्मभर याच कामात म्हातारे झालेले आहेत. काल ओरासाबाई बस डेपोत आल्या, स्वतः, धावत, आणि सगळ्या कंडक्टरांसमोर मला मिठी मारली. पहिलं आलं. दुसरं नाही, उत्तेजनार्थ नाही, पहिलं, आणि पाचही परीक्षकांच्या एकमतानं. ते वस्त्र आता संग्रहालयात काचेमागे राहणार, खाली तुझं नाव, नोंग सायचं नाव. नक्षीचं नाव लिहायची जागा त्यांनी कोरी ठेवली आहे, कारण अशी नक्षी आजवरच्या कुठल्या पुस्तकात नाही आणि नाव ठेवायचा हक्क तुझा आहे. कॉलेजातल्या वीस मुली आठ दिवस तुझ्या हाताखाली बसायच्या आहेत, त्यासाठी माग लावून तयार ठेवला आहे. तेव्हा त्या व्यापाऱ्याला सांग, गिऱ्हाइकाला कळतं. समारंभ डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला आहे. आदल्या दिवशीची, शुक्रवारची सहाची गाडी घे. मोठं सभागृह आहे, आत खूप थंड असतं, चादर जवळ ठेव. तुझी खुर्ची पहिल्या रांगेत आहे, माझी आणि फायची तिच्या मागे. नाव पुकारल्यावर लगेच उठायची घाई करू नकोस, ते गावाचं नाव घेतील तेही ऐकून घे. मंचाला चार पायऱ्या आहेत, मी काल जाऊन मोजून आले. कठडा डाव्या हाताला आहे, पण तुला तो लागणार नाही. वर गेलीस की लोकांकडे तोंड करून ताठ उभी राहा. आणि एक शेवटचं, ताई : टाळ्या थांबल्याशिवाय खाली उतरायचं नाही.

तुझीच धाकटी,
नोंग सायची लम्दुआन